विषाणूचा लांबलेला मुक्काम, प्रतिकारशक्ती आणि कॅन्सरची सुरुवात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा विषाणू) किंवा हेपेटायटिस बीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की मनात पहिला विचार कॅन्सरचा येतो. पण संसर्ग आणि कॅन्सर यांच्यामध्ये बहुतेकदा दहा, वीस, कधी तीस वर्षांचं अंतर असतं. त्या काळात विषाणू काय करतो, प्रतिकारशक्ती काय करते आणि आपल्याला कुठे हस्तक्षेप करता येतो, यावर आज जगभर संशोधन चालू आहे. या पानावरची बहुतेक उत्तरं त्या मधल्या वर्षांबद्दलच आहेत, कारण माणसं वाचवण्याची खरी संधी तिथेच आहे असं मला मनापासून वाटतं.

विषाणूमुळे कॅन्सर होतो म्हणजे कॅन्सर संसर्गजन्य आहे का?

नाही. विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, कॅन्सर जात नाही. रुग्णाशेजारी बसल्याने, त्याच्यासोबत जेवल्याने किंवा त्याची सेवा केल्याने कोणाला कॅन्सर होत नाही. शिवाय विषाणू शिरला की कॅन्सर होणारच, असंही नसतं. एपस्टाइन-बार विषाणू जगातल्या 90 टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर राहतो आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

कोणते विषाणू कॅन्सरशी जोडलेले आहेत?

2018 साली जगात निदान झालेल्या नव्या कॅन्सरपैकी सुमारे 22 लाख, म्हणजे साधारण 13 टक्के, कोणत्या ना कोणत्या संसर्गामुळे झाले असा अंदाज आहे. त्यात सगळ्यात मोठा वाटा, सुमारे 8.1 लाख, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा आहे. तो जठरात राहतो. विषाणूंमध्ये एचपीव्हीमुळे 6.9 लाख, हेपेटायटिस बीमुळे 3.6 लाख आणि हेपेटायटिस सीमुळे 1.6 लाख कॅन्सर झाले.

याशिवाय एपस्टाइन-बार (काही लिम्फोमा, नाक-घशाचा कॅन्सर आणि जठराच्या कॅन्सरचा एक भाग), एचटीएलव्ही-1 (टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा ल्युकेमिया), कापोसी सार्कोमाचा हर्पीस विषाणू आणि 2008 मध्ये सापडलेला मर्केल पेशींचा पॉलिओमा विषाणू हेही यादीत आहेत. एचआयव्ही थेट पेशीला कॅन्सरकडे ढकलत नाही. तो पहारा उठवतो आणि बाकीच्या विषाणूंना मोकळं रान मिळतं. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. प्रतिकारशक्ती या आजाराला किती काळ रोखून धरत असते, हे या एका आकड्यावरून कळतं.

हे कळलं कसं?

फार उशिरा आणि फार विरोध सोसून. पेटन राऊस यांनी 1911 मध्ये कोंबडीच्या गाठीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात पेशी किंवा जिवाणू उरू नयेत; तो अर्क दुसऱ्या कोंबडीला टोचला तर तिलाही गाठ आली. या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं ते 1966 साली. आफ्रिकेतल्या लहान मुलांच्या जबड्याच्या गाठींचं वर्णन डेनिस बर्किट यांनी 1958 मध्ये केलं, आणि 1964 मध्ये एपस्टाइन, आचाँग व बार यांना त्या गाठींच्या पेशींमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा दोष बराच काळ हर्पीस विषाणूवर ठेवला जात होता. हाराल्ड त्सुर हाउझेन मात्र पॅपिलोमा विषाणूच्या मागे लागले. 1983 मध्ये त्यांच्या गटाने एचपीव्ही 16 आणि पुढच्या वर्षी एचपीव्ही 18 शोधला. आज आपल्याला माहीत आहे की गर्भाशयमुखाचे सुमारे 70 टक्के कॅन्सर या दोन प्रकारांमुळे होतात.

विषाणू शरीरात वर्षानुवर्षं टिकतो कसा? प्रतिकारशक्तीला तो दिसत नाही का?

प्रत्येक विषाणूची पद्धत वेगळी आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही.

एचपीव्ही त्वचेच्या किंवा गर्भाशयमुखाच्या आवरणात अगदी बारीक खरचटलेल्या जागेतून सर्वांत खालच्या थरापर्यंत पोचतो. तिथे तो गप्प राहतो, आपली प्रथिनं जेमतेम बनवतो. पेशी विभागून वर सरकू लागल्या की हळूहळू त्याचं काम वाढतं, आणि नवे विषाणू तयार होतात ते अगदी वरच्या थरात, जिथल्या पेशी तशाही गळून पडणार असतात. तो रक्तात उतरत नाही. पेशी फोडून बाहेर येत नाही, त्यामुळे सूज येत नाही आणि धोक्याची सूचना देणारी रसायनंही फारशी सुटत नाहीत. त्यात भर म्हणजे त्याचं ई5 हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरची ती खूण कमी करतं, जिच्यावरून टी-पेशी बाधित पेशी ओळखतात.

हेपेटायटिस बी यकृतपेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएचं एक बंद वर्तुळ ठेवतो. हे वर्तुळ फार टिकाऊ असतं. एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिरसारखी औषधं नवे विषाणू बनणं थांबवतात, पण त्या वर्तुळाला हात लावत नाहीत. म्हणून ही औषधं बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. एपस्टाइन-बारची तऱ्हा आणखी निराळी: तो प्रतिकारशक्तीच्याच स्मृती बी-पेशींमध्ये शिरतो, आपली जवळजवळ सगळी जनुकं बंद करतो आणि पेशी विभागली की तिच्याबरोबर आपलीही प्रत काढून घेतो.

एकाच विषाणूने एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याच्या शरीरात तो ठाण मांडतो. असं का?

वयाचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. हेपेटायटिस बी जन्माच्या वेळी आईकडून बाळाला झाला तर सुमारे 90 टक्के बाळांमध्ये तो कायमचा राहतो. तोच संसर्ग धडधाकट प्रौढाला झाला तर 5 टक्क्यांहूनही कमी लोकांमध्ये टिकतो. बाळाची प्रतिकारशक्ती त्या वेळी नुकती घडत असते आणि ती विषाणूला जोमाने विरोध करत नाही. म्हणूनच बाळाला या लसीचा पहिला डोस जन्मानंतर 24 तासांच्या आत द्यायचा आग्रह धरला जातो. ‘आठवड्याने देऊ’ म्हणणं इथे परवडत नाही.

एचपीव्हीच्या बाबतीत सुमारे 90 टक्के संसर्ग दोन वर्षांच्या आत चाचणीत दिसेनासे होतात. उरलेल्यांमध्ये विषाणूचा प्रकार, धूम्रपान, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, एचआयव्ही आणि माणसामाणसातला जनुकीय फरक या सगळ्यांचा हात असतो.

टी-पेशी ‘थकतात’ असं म्हणतात. म्हणजे नेमकं काय होतं?

या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो, कारण विषाणू आणि कॅन्सर यांना जोडणारा सगळ्यात भक्कम दुवा इथेच सापडला.

उंदरांमध्ये एलसीएमव्ही नावाचा विषाणू वापरतात. त्याचे दोन वाण आहेत. आर्मस्ट्राँग वाण टोचला तर उंदीर साधारण आठवड्याभरात बरा होतो आणि उत्तम स्मृतिपेशी मागे राहतात. क्लोन 13 हा वाण जनुकीयदृष्ट्या त्याच्याहून किंचितच वेगळा आहे, पण तो महिनोन्‌महिने टिकतो. क्लोन 13 टोचलेल्या उंदरात विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी असतात, मोजता येतात, पण काम करत नाहीत. त्यांची ताकद ठरावीक क्रमाने जाते: आधी विभागण्यासाठी लागणारं इंटरल्युकिन-2 बनवणं थांबतं, मग टीएनएफ, आणि शेवटी इंटरफेरॉन-गॅमा ही लढाईत लागणारी रसायनं. त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-1 नावाचा ब्रेक मोठ्या प्रमाणात दिसू लागतो.

पीडी-1चं जनुक तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत 1992 मध्ये सापडलं होतं. 2006 मध्ये क्लोन 13 झालेल्या उंदरांमध्ये हा ब्रेक प्रतिपिंडाने अडवला, आणि थकलेल्या टी-पेशी पुन्हा कामाला लागून विषाणूचं प्रमाण घटलं. कॅन्सरच्या गाठीत शिरलेल्या टी-पेशी तपासल्या तर त्याही अशाच थकलेल्या दिसतात, कारण त्यांच्याही समोर शत्रू महिनोन्‌महिने हटत नाही. आज मेलानोमा, फुप्फुसाचा कॅन्सर आणि इतर अनेक कॅन्सरमध्ये दिली जाणारी पीडी-1 रोखणारी औषधं याच विचारावर उभी आहेत. टी-पेशींवरच्या अशा ब्रेकच्या कामासाठी होंजो आणि, सीटीएलए-4 या दुसऱ्या ब्रेकवर काम करणारे, जेम्स अॅलिसन यांना 2018 चं नोबेल मिळालं.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. हा थकवा म्हणजे निव्वळ बिघाड, असं मानू नका. ज्या उंदरांमध्ये पीडी-एल1, म्हणजे हा ब्रेक लावणारं प्रथिनच नव्हतं, त्यांना क्लोन 13 टोचला तेव्हा ते दगावले. विषाणू मारण्याच्या नादात टी-पेशींनी स्वतःच्याच अवयवांवर घाव घातले. दीर्घ लढाईत शरीर जीव वाचवण्यासाठी लढण्याचा जोर कमी करतं, आणि त्याची किंमत पुढे कधीतरी मोजावी लागते.

विषाणू पेशीला कॅन्सरकडे नेतो कसा?

विषाणूला कॅन्सर घडवायचा नसतो. त्याला हवी असते विभागणारी पेशी, कारण डीएनएच्या प्रती काढायची यंत्रणा तिथेच चालू असते. एचपीव्हीचं ई7 प्रथिन आरबी या पहारेकरी प्रथिनाला बाजूला करतं, म्हणून पेशी थांबायच्या वेळी थांबत नाही. अशा वेळी पी53 हे दुसरं प्रथिन त्या पेशीला मरायला लावतं. ई6 नेमकं त्या पी53चाच नाश करवतं. सामान्य संसर्गात ई6 आणि ई7 या दोघांवर ई2 या विषाणूच्याच प्रथिनाचा लगाम असतो. पण कधी विषाणूचा डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात घुसतो आणि तुटतो तो बऱ्याचदा ई2च्या जागी. लगाम गेला की ई6 आणि ई7 बेफाम बनू लागतात. त्या पेशीतून नवा विषाणू कधीच बाहेर पडणार नसतो, म्हणजे विषाणूच्या दृष्टीनेही तो रस्ता बंदच.

याचा अतिशय सुंदर पुरावा हीला पेशींमधून मिळाला. 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, त्यांची संमती न घेता, काढलेल्या या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत आणि त्यांत एचपीव्ही 18 आहे. या पेशींमध्ये ई2 पुन्हा घातलं की ई6 आणि ई7 बंद पडतात, पी53 आणि आरबी परत उभे राहतात आणि दशकानुदशकं न थांबलेल्या पेशी विभागायच्या थांबून म्हाताऱ्या होतात. मधल्या काळात त्यांच्यात असंख्य उत्परिवर्तनं साठली आहेत, तरीही विषाणूच्या त्या दोन प्रथिनांवाचून त्यांचं अडतं.

हेपेटायटिस सीचं गणित वेगळं आहे. तो आरएनए विषाणू आहे आणि आपल्या गुणसूत्रात शिरत नाही. तिथे मुख्य कारण आहे वर्षानुवर्षांची सूज, पेशींचं सतत मरणं-भरून येणं आणि शेवटी सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होणं.

मग प्रतिकारशक्तीच कॅन्सरला हातभार लावते असं म्हणायचं का?

काही प्रमाणात हो. हेपेटायटिसमध्ये यकृतपेशी मारण्याचं काम बरंचसं आपल्याच टी-पेशी करतात. पेशी मेली की शेजारची विभागते, आणि प्रत्येक विभागणीत डीएनएत चूक व्हायची शक्यता असते. दुसरं उदाहरण अॅपोबेक-3 या एन्झाइमचं. ही एन्झाइम विषाणूच्या डीएनएत मुद्दाम चुका घालून त्याला निकामी करतात. पण त्यांचा नेम चुकला तर आपल्या डीएनएतही त्याच धाटणीच्या चुका राहतात, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या जनुकीय तपासणीत त्यांचा ठसा ठळक दिसतो.

माझी एचपीव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. मला कॅन्सर झाला आहे का?

या चाचणीवरून तसं म्हणता येत नाही. तिच्यातून फक्त इतकंच कळतं की धोकादायक प्रकारांपैकी एखादा विषाणू आज तिथे आहे. महत्त्वाचं आहे ते त्याचं टिकून राहणं, म्हणून डॉक्टर प्रकार कोणता आहे ते पाहतात, पेशींची तपासणी करतात, गरज वाटली तर दुर्बिणीने गर्भाशयमुख पाहून बायॉप्सी घेतात किंवा ठरावीक काळाने पुन्हा बोलावतात. त्या पुन्हा बोलावण्याला कंटाळून जाणं टाळू नका, ही माझी कळकळीची विनंती.

जोडीदारावर संशय घेण्याआधीही थांबा. संसर्ग कधी झाला हे ही चाचणी सांगू शकत नाही. तो कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो.

गर्भाशयमुखातले कॅन्सरपूर्व बदल आपोआप बरे होतात असं वाचलं. मग उपचार कशाला?

बदल कोणत्या पायरीचे आहेत यावर ते अवलंबून आहे. सौम्य बदल बहुतेकदा जातात. मधल्या पायरीचे, म्हणजे सीआयएन 2, नुसतं लक्ष ठेवलं तर दोन वर्षांत साधारण निम्मे मागे फिरतात, म्हणून तरुण स्त्रियांमध्ये काही वेळा वाट पाहिली जाते. सर्वांत गंभीर पायरीची, म्हणजे सीआयएन 3ची, गोष्ट वेगळी.

ती किती वेगळी, हे आपल्याला एका दुःखद प्रकरणामुळे माहीत आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या एका रुग्णालयात 1960 आणि 70च्या दशकांत, हे बदल पुढे जात नाहीत अशा समजुतीने काही स्त्रियांना पुरेसा उपचार न देता नुसतं पाहत राहिले. पुढे त्याची सरकारी चौकशी झाली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार अशा स्त्रियांपैकी सुमारे 31 टक्क्यांना 30 वर्षांत कॅन्सर झाला. ज्यांच्यावर योग्य उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी होतं. हा आकडा पाठ्यपुस्तकात वाचताना त्यामागच्या स्त्रियांना विसरू नये. असा प्रयोग पुन्हा कधीही होता कामा नये, आणि म्हणूनच कोणता बदल मागे फिरेल व कोणता पुढे जाईल हे बायॉप्सीच्या त्याच तुकड्यातून ओळखायचे मार्ग शोधले जात आहेत: टी-पेशी आवरणाच्या आत शिरल्या आहेत की खालीच थांबल्या आहेत, विषाणूचा डीएनए गुणसूत्रात शिरला आहे का, काही जनुकांवर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा साठल्या आहेत का.

रक्ताच्या चाचणीतून इतक्या लवकर कॅन्सर पकडता येतो का?

एका बाबतीत नक्कीच. हाँगकाँगमध्ये लक्षणं नसलेल्या सुमारे 20 हजार पुरुषांच्या रक्तातल्या द्रवात एपस्टाइन-बारचा डीएनए शोधला. 2017 मध्ये निष्कर्ष आले: नाक-घशाचा कॅन्सर 34 जणांमध्ये सापडला आणि त्यांतले 71 टक्के पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात होते. एरवी तिथे इतक्या लवकर निदान होणाऱ्यांचं प्रमाण 20 टक्के होतं. हा कॅन्सर दक्षिण चीनमध्ये जास्त आढळतो, म्हणून तिथे हे जमलं. जिथे तो क्वचित होतो तिथे हीच चाचणी सरसकट केली तर विनाकारण घाबरलेल्यांची संख्या फार वाढेल. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपूर्व बदलांसाठी रक्ताचा उपयोग नाही, कारण एचपीव्ही मुळात रक्तात येतच नाही.

औषधाने विषाणू गेला तर धोका संपतो का?

कमी होतो, पण सगळ्यांचा संपत नाही. हेपेटायटिस सीवर आज 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून अधिक लोक बरे होतात. ही आधुनिक वैद्यकातली मोठी झेप आहे. पण उपचाराआधीच सिरॉसिस झालेला असेल तर यकृताच्या कॅन्सरचा धोका उरतो आणि ठरावीक काळाने सोनोग्राफी चालू ठेवावी लागते. हेपेटायटिस बीमध्ये तर सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो, कारण त्याचे तुकडे यकृतपेशीच्या गुणसूत्रात शिरलेले असतात.

संसर्ग आधीच झाला असेल तर लस घेऊन तो जाईल का?

सध्याच्या एचपीव्ही लसीने जाणार नाही. तिच्यात विषाणूचं रिकामं कवच असतं; त्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं विषाणूला पेशीत शिरण्याआधी अडवतात, आणि खालच्या थरातल्या बाधित पेशीवर ते कवच दिसतच नाही. म्हणून लस लहान वयात द्यायची. स्वीडनमध्ये 17 वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींमध्ये पुढे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं प्रमाण 88 टक्क्यांनी कमी आढळलं.

बाधित पेशी मारणारी, म्हणजे टी-पेशींना ई6 आणि ई7 ओळखायला शिकवणारी लस बनवायचे प्रयत्न वेगळे चालू आहेत. नेदरलँड्समधल्या लायडन इथे बाह्य जननेंद्रियावरचे कॅन्सरपूर्व बदल असलेल्या 20 स्त्रियांना अशी लस दिली गेली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभराने 19 पैकी 9 जणींचे बदल पूर्ण गेले होते. कॅन्सर पसरलेल्या रुग्णांमध्ये मात्र याच तऱ्हेच्या लसी एकट्याने दिल्या तर फारसा परिणाम दिसलेला नाही. माझ्या मते यातून एकच दिशा दिसते: टी-पेशी अजून पूर्ण थकलेल्या नसतात तेव्हा, म्हणजे कॅन्सरच्या आधी, त्यांना मदत करायची.

हे सगळं उंदरांवर का तपासतात? माणसाचा विषाणू उंदराला होतो का?

एचपीव्ही उंदराला होत नाही; पॅपिलोमा विषाणू आपापल्या यजमानालाच धरून असतात, आणि त्यामुळे हे संशोधन बराच काळ अडलं होतं. 2011 मध्ये नवी मुंबईतल्या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेतून प्रयोगशाळेच्या उंदरांना होणाऱ्या पॅपिलोमा विषाणूची नोंद झाली. टी-पेशी नसलेल्या केसविरहित उंदरांच्या नाका-तोंडाभोवती चामखिळी उगवल्या होत्या, त्यांत तो सापडला. आज अनेक देशांतल्या प्रयोगशाळा तो वापरतात. 2019 मध्ये याच विषाणूच्या आधारे एक अनपेक्षित गोष्ट दिसली: ज्या उंदरांमध्ये त्याविरुद्ध टी-पेशी तयार झालेल्या होत्या त्यांना त्वचेचा कॅन्सर कमी झाला. म्हणजे त्वचेवर राहणारे सगळे पॅपिलोमा विषाणू शत्रूच असतात असं नाही.

प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर किंवा काढा घेतला तर विषाणू लवकर जाईल का?

तसा विश्वासार्ह पुरावा नाही. धूम्रपान सोडा, हेपेटायटिस असेल तर दारू पूर्ण टाळा, एचआयव्ही असेल तर त्याची औषधं चुकवू नका. या तिन्हींचा फायदा सिद्ध झालेला आहे.

कॅन्सर नसताना संशोधक माझे नमुने पुन्हा पुन्हा का मागतात?

कारण गाठ हातात येते तेव्हा सुरुवातीच्या बहुतेक खुणा पुसलेल्या असतात. गाठीतल्या थकलेल्या टी-पेशी पाहून त्या कधी थकल्या हे सांगता येत नाही. त्यासाठी एकाच व्यक्तीचे संसर्गाच्या वेळचे, दोन वर्षांनंतरचे, पाच वर्षांनंतरचे नमुने लागतात, आणि ज्यांचा विषाणू गेला त्यांचेही लागतात, नाहीतर तुलना कशाशी करणार? नमुना देण्याआधी संमतीपत्र नीट वाचा. तो किती वर्षं ठेवणार, कोणाला देणार, त्यात काही सापडलं तर तुम्हाला कळवणार का, हे तीन प्रश्न तोंडी विचारा आणि त्यांची उत्तरं कागदावर मागा. सहभाग केव्हाही मागे घेता येतो, आणि तो घेतल्याने तुमच्या उपचारांत फरक पडता कामा नये.